सतरावा खड्डा

१२ जून, शुक्रवार पेठ, सोलापूर

टाळू अजून चुरचुरतेय. आज माळावर खड्डे तपासायला गेलो होतो. वरचा आदेश आहे: तिथं झाडं लावा, हवा सुधारेल. सतराव्या खड्ड्यात निम्मी माती परत ढासळलेली, आणि तिच्यावर टिटवीची चार अंडी! वाकून बघतोय, तोच टिटवीनं टाळूवर झडप घातली. मी वनरक्षक, आणि पळालो.

मेंढ्या राखणारी साळूमावशी पोट धरून हसली. "सायेब, खड्डा तुमी खणलासा, पर ऱ्हायला ती आली की! गवताचा माळ हाय ह्यो. हितं झाडं झाल्यावर तिनं आन् माज्या मेंढ्यांनी जायाचं कुटं?"

माझ्या फॉर्मात खड्डा 'तयार' की 'अपुरा', एवढंच विचारलंय. टिटवीला रकानाच नाही.

आमच्या वरच्या साहेबांना फोन केला. म्हणाले, "अंडी बाजूला ठेवा. उद्या पहिलं रोप मी स्वतः लावणार." बाजूला म्हणजे कुठं? माझ्या जेवणाच्या डब्यात?

पहिलं रोप कुठल्या खड्ड्यात, हे मात्र मी ठरवायचंय. ठरलं. सतराव्या. टोपी घालून या, असं कळवावं का?

नको. साहेबांना टक्कल आहे. लवकर पटेल.