पसंतीच्या कार्डावर एकच नाव

शनिवार, ९ ऑगस्ट

वसतिगृहात सामान लावलं. उद्यापासून रश. म्हणजे आठवडाभर मुलींच्या संघटनांच्या घराघरांत जाऊन गोड बोलायचं आणि तिथल्या मुलींनी आपल्याला सभासद करून घ्यायचं की नाही ते पारखायचं. गुरांच्या बाजारात निदान दात तरी उघडपणे मोजतात. मला या सगळ्याची मनापासून किळस आहे.

तरी जाणार. एक तर आईला वाईट वाटू नये. ती मॅग्नोलियाची, आजीही तिथलीच. (घरांची खरी नावं तीन-तीन ग्रीक अक्षरांची आहेत. लिहायचा कंटाळा, म्हणून मी माझी नावं ठेवणार. अंगणात मॅग्नोलियाचं झाड, ते मॅग्नोलिया.) शिवाय विद्यापीठाच्या पेपरात मी या प्रकाराचा पर्दाफाश करणार आहे. आत शिरल्याशिवाय लिहिणार कसं?

संकल्प: खोटं हसायचं नाही. टाळ्या वाजवायच्या नाहीत.

खोलीत दुसरी मुलगी लूला के बिंगम. वडिलांच्या शेळ्या आहेत. रशसाठी मावशीने पिवळा ड्रेस शिवून दिलाय. मॅग्नोलिया मिळालं तर काय मज्जा येईल गं, म्हणाली. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. हिला प्रेमाने जमिनीवर आणलं पाहिजे.

रविवार, १० ऑगस्ट

बारा घरं, प्रत्येकी वीस मिनिटं. सावलीतही घामाच्या धारा. दार उघडतं आणि चौकटीत चाळीस मुली एकीवर एक रचलेल्या, सगळ्या किंचाळत टाळ्या वाजवतायत. दात, दात, दात. त्यात हेअरस्प्रे, सेंट आणि घाम यांचा एकत्र वास.

मुलगे, दारू, देव, पैसा आणि राजकारण यांवर बोलायला बंदी. उरतं काय? कुत्री. आमच्या बिस्किटच्या पायाचं ऑपरेशन मी बारा घरांत बारा वेळा सांगितलं. शेवटी शेवटी मला बिस्किटचाही राग आला.

मॅग्नोलियात माझ्याशी बोलणारी मुलगी माझं नाव दोनदा विसरली. तिसऱ्यांदा मेरिटची मेगन केली. माझा संयम तपासत होत्या. मी राखला.

सर्वांत शेवटी कोपऱ्यावरचं घर. त्याचं नाव गळकं घर. सिंकखाली पाइप गळतो, खाली बादली, बादलीभोवती फडकी, आणि सगळीकडे कुबट वास. मी पाणी मागितलं तर विल्डा नावाची चष्मेवाली मला थेट स्वयंपाकघरातच घेऊन गेली. पाहुण्याला कोणी सिंक दाखवतं का? वर गडगडाटी हसून म्हणाली, आमचा धबधबा बघून घे. स्ट्रॉबेरी केक पुढे केला. मला स्ट्रॉबेरी चालत नाही म्हटल्यावर तिने ते पेनने स्वतःच्या तळहातावर लिहून घेतलं. गावंढळपणाची कमाल.

टाळ्या वाजवल्या. थोड्याच. हात रिकामे होते.

सोमवार, ११ ऑगस्ट

सकाळी कागद मिळतो, कुठल्या घरांनी परत बोलावलं त्याचा. जास्तीत जास्त नऊ. मला पाच.

आमची सल्लागार होलिस. शेवटच्या वर्षाला आहे, आणि तिचं स्वतःचं घर कुठलं हे या आठवड्यात सांगायची तिला बंदी. ती म्हणाली की बाळा, मन खट्टू करून घेऊ नकोस. खट्टू? सात घरांना मी नाकारलंय, माझ्या चेहऱ्यावरून त्यांना ते कळलं, एवढंच. लूला के हिला नऊ. बिचारीला उन्हात नऊ ठिकाणी फिरायचंय.

मॅग्नोलिया यादीत आहे! शेवटी रक्त बोलतं. होलिस म्हणाली की जुन्या सभासदांच्या मुलींना रीत म्हणून दोन-तीन फेऱ्या ठेवून घेतात, त्यावर भिस्त ठेवू नकोस. होलिसचं घर मॅग्नोलियावर जळणारं असणार.

बुधवार, १३ ऑगस्ट

पाचाची तीन झाली. गुणवत्ता महत्त्वाची, संख्या नव्हे.

आज समाजसेवेची फेरी. मॅग्नोलियात बसून आजारी मुलांसाठी उशांचे अभ्रे रंगवले. एक मुलगी त्या मुलांविषयी बोलताना रडली. डोळ्यांखाली बोटं आडवी धरून, मस्कारा ओघळू न देता. मीही रडून पाहिलं, केवळ लेखाचा अभ्यास म्हणून. आलं नाही.

आईचा फोन. जिन्याखालच्या फोटोत डावीकडून तिसरी मी आहे, बघितलास का, विचारत होती. हो म्हटलं, किती सुंदर दिसतेस. जिन्याखाली आता आइस्क्रीमचं यंत्र आहे.

गळक्या घराचा वास तसाच. विल्डाने बिस्किटचा पाय कसा आहे विचारलं, टाके काढले का म्हणाली. इतकं लक्षात ठेवणाऱ्या माणसांची मला भीती वाटते.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

शेवटची फेरी, पसंतीची. सगळ्यांनी काळे ड्रेस घालायचे. भर दुपारी पडदे ओढून मेणबत्त्या लावतात. कुणी मेलं असं वाटावं. मला दोन घरं उरली: मॅग्नोलिया आणि गळकं.

मॅग्नोलियात पांढऱ्या पोशाखातल्या मुलीने माझा हात हातात घेतला आणि कानाशी कुजबुजली की तू आमचीच आहेस, मेगन. अंगावर काटा आला. मग चॉकलेटमध्ये बुडवलेली स्ट्रॉबेरी पुढे केली. आई आणि आजी जिथे बसल्या तिथे बसून नाही कसं म्हणणार? खाल्ली. दहा मिनिटांत वरचा ओठ टम्म सुजला. मुलीने मला टिशू दिला आणि दुसरीकडे पाहू लागली. भावना अनावर झाल्या असणार.

तिथून गळकं घर. विल्डाने माझ्यासाठी वेगळी ताटली झाकून ठेवली होती. लिंबाच्या वड्या, वर चिठ्ठी: मेरिटसाठी, स्ट्रॉबेरी नाही. ओठ बघून किंचाळली, धावत बर्फ आणला आणि फडक्यात गुंडाळून दिला. फडकं धुतलेलं आहे गं, आईशप्पथ, म्हणाली. मग इकडेतिकडे बघून, नियम मोडून, टी-शर्टचा साइज विचारला. निवड झालेल्या मुलींना पाठीवर नाव छापलेला शर्ट मिळतो. आधीच विचारायचं म्हणजे किती तो लोचटपणा! एक्स्ट्रा स्मॉल, म्हटलं. (माझा खरा साइज हा खाजगी विषय आहे.) वड्या बऱ्या होत्या. चार खाल्ल्या.

मग पसंतीचं कार्ड भरायचं. दोन ओळी. होलिसने तीनदा बजावलं की दोन्ही नावं लिही. एकच लिहिलंस आणि त्यांनी घेतलं नाही, तर जोड्या लावणाऱ्या कॉम्प्युटरला पुढे काही दिसत नाही, मग तू कुठेच नाहीस. दरवर्षी एक तरी शहाणी हे करतेच आणि मग माझ्या खांद्यावर रडते, म्हणाली.

मी एकच लिहिलं. मॅग्नोलिया. दुसऱ्या ओळीवर सुरेख तिरकी रेघ मारली. होलिसने डोळे मिटून घेतले. लूला केने दोन्ही ओळी भरल्या. काहींना स्वाभिमान नसतो.

रविवार, १७ ऑगस्ट, सकाळी ८.३०

आज निकाल. दोन वाजता मैदानावर पाकिटं वाटणार, ती फोडून सगळ्या आपापल्या घराकडे धावत सुटणार. शिसारी आणणारा प्रकार. पळायचे बूट काढून ठेवलेत.

इथली रीत अशी: सकाळी दहाच्या आत सल्लागाराचा फोन आला, तर तुम्ही कुठेच नाही. मैदानावर चारचौघांत हसं होऊ नये म्हणून आधी कळवतात. फोन गप्प राहिला की जिंकलं.

९.१०. गप्प.

९.४०. गप्प. लूला के फोन उशीखाली दाबून त्यावर बसली आहे. तिला समजावलं की फोन वाजला तरी आयुष्य संपत नसतं, घरी शेळ्या आहेतच.

९.५२. वाजला. माझा. आई असेल.

१०.३०. आई नव्हती.

दुपारी ३. लूला के मॅग्नोलियात. पिवळ्या ड्रेसमध्ये पळत गेली. जाण्यापूर्वी मला घट्ट धरून रडली, मस्कारा पार हनुवटीपर्यंत. म्हणाली की मला तुझ्याशिवाय मजाच येणार नाही. खोटं वाटलं असतं तर बरं झालं असतं.

खिडकीतून सगळ्या घरांच्या आरोळ्या ऐकू येतात. खिडकी लावली. तरी येतात. उशी ओली आहे ती एसीच्या पाण्याने.

एसी पलीकडच्या भिंतीवर आहे. मी तासभर रडले.

सोमवार, १८ ऑगस्ट

पर्दाफाशाला सुरुवात. पहिलं वाक्य: मी मॅग्नोलियाला नाकारलं. खोडलं. दुसरं वाक्य सुचलं नाही.

आईचे काल नऊ फोन. आज उचलला. कॉम्प्युटर बिघडलाय, निकाल लांबला, म्हटलं. आई म्हणाली की आमच्या वेळी कॉम्प्युटर नव्हता ते बरं, नाहीतर मीही कुठली आत जाणार, तुझ्या आजीने फोन फिरवले म्हणून झालं. मग बराच वेळ आम्ही दोघी बिस्किटविषयी बोललो.

मंगळवार, १९ ऑगस्ट, सकाळी ११

विल्डाचा फोन. त्यांच्यातली एक नवी मुलगी विद्यापीठ सोडून घरी गेली, जागा रिकामी आहे, येतेस का?

उरलीसुरली जागा! कुणाच्या तरी उष्ट्या खुर्चीत बसायला मी येऊ? संकल्प: ताठ मानेने नकार द्यायचा. फोनवर नव्हे, प्रत्यक्ष जाऊन. मुद्दे तीन: वास, सिंक, तत्त्व. आरशासमोर दोनदा म्हणून पाहिले. छान वाटतात.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६

गेले. बऱ्याच जणी तासाला होत्या, घरात चौदाच. तरी दारात एकीवर एक रचून उभ्या राहिल्या, किंचाळल्या, टाळ्या वाजवल्या. मेरिट! मेरिट! एकीनेही नाव चुकवलं नाही. मी मुद्दा क्रमांक एक आठवून पाहिला. तोंडातून निघालं, पाणी मिळेल का?

स्वयंपाकघरात आज विल्डा सिंकसमोर हात पसरून आडवी उभी राहिली. पेला मी देते, तू बाहेर बस, म्हणाली. पहिल्या दिवशी मला सिंक दाखवणारी आज लपवतेय म्हणजे काहीतरी होतं. वाकून पाहिलं.

बादलीखाली घडी घातलेला हिरवा टी-शर्ट, पाण्याने चिंब. पाठीवर मोठी अक्षरं: मेरिट.

विल्डा कानापर्यंत लाल झाली. म्हणाली, अगं, शुक्रवारीच छापून घेतला होता. वाटलं, चार वड्या खाल्ल्यात म्हणजे तू येणारच. मग रविवारच्या यादीत तू नव्हतीस. आणि इतका लहान, इथे कुणाच्याच दंडावरून वर जाईना. रागावू नकोस ना, नवा मागवते.

मला तीन मुद्दे माहीत होते. बादली सरकवली, शर्ट उचलला, पिळला, आणि टॉपवरूनच घालायला घेतला. तो डोक्यात अडकला. चौघींनी मिळून खाली ओढला. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या असत्या, पण त्यात हात वर होत नाहीत.

शर्टाला सिंकचा वास येतो. शी.

खोलीवर येऊन दोन तास झाले. अजून अंगावरच आहे. फार घट्ट आहे, निघणार नाही. ओढून पाहिलेला नाही.