‘स्वेच्छेने अभ्यास सोडला’ हा शेरा बदलण्याबाबत

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
वनस्पतीजन्य औषध चाचणी विभाग,
छातीरोग संशोधन केंद्र.

विषय : सहभागी क्रमांक ३७ यांच्या नोंदीतील ‘स्वेच्छेने अभ्यास सोडला’ हा शेरा बदलण्याबाबत.
संदर्भ : आपली नोटीस, ‘गैरहजेरीचा खुलासा सहभागीने समक्ष येऊन करावा’.

महोदय,

सहभागी क्रमांक ३७ हे माझे वडील. गेल्या महिन्यात झोपेतच हृदय बंद पडून त्यांचे निधन झाले. सबब समक्ष खुलासा करणे त्यांना जमणार नाही, याबद्दल क्षमस्व.

वडिलांची पिठाची गिरणी होती. आयुष्यभर पीठ छातीत जाऊन फुफ्फुसांना कायमची सूज राहिली. एका झाडाच्या पानांतून काढलेल्या घटकाने ती उतरते का, हे पाहण्यासाठी आपण अभ्यास सुरू केला व त्यांना त्यात घेतले. तेव्हापासून तपासणीच्या दिवशी ते गिऱ्हाइकांना सांगत, “दळण उद्या न्या, आज माझा अभ्यास आहे.”

‘अभ्यासकाळात इतर वनस्पतीजन्य पदार्थ औषध म्हणून घेऊ नयेत’ या नियमातले ‘औषध म्हणून’ हे शब्द त्यांनी कधी मनावर घेतले नाहीत. चहातले आले गेले. मग चहाही पानांचाच निघाला. भाजीवर गदा आली तेव्हा आई म्हणाली, “अहो, गहूसुद्धा रोपालाच येतो. आता दगड शिजवू का?” हा मुद्दा त्यांना बिनतोड वाटला. त्यांनी केंद्रातल्या डॉक्टरबाईंकडे गव्हाची लेखी परवानगी मागितली आणि ती येईपर्यंत दूध-अंड्यांवर काढले.

शेऱ्याबाबत मी आपल्या खिडकीवर चौकशी केली. लिपिकांनी शांतपणे ऐकून घेतले. संगणकात ‘औषधामुळे मृत्यू’, ‘नियमभंग’ आणि ‘स्वेच्छेने’ असे तीनच पर्याय आहेत.

“ताई, औषधामुळे गेले का?”

नाही, म्हटले.

“नियम मोडला?”

मी गव्हाची हकीकत सांगितली.

“मग उरलं काय? स्वेच्छेनेच की.”

शिवाय अभ्यास सोडण्याच्या अर्जावर वडिलांची सही आणावी, असेही त्यांनी सुचवले. ती आणायला जाण्याची माझी तूर्त तयारी नाही.

असा शेरा असलेल्यांची मोजमापे अंतिम निष्कर्षात धरत नाहीत, असे कळले. वडील केंद्रातल्या दम मोजायच्या यंत्रात फुंकर मारायला दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून येत. “माझा दम पुस्तकात जाणार आहे,” असे आईला ऐकवत. चौथीतून काढून त्यांना गिरणीवर बसवले, त्या वेळच्या शाळेच्या दाखल्यावरही कारण ‘स्वेच्छेने’ असेच आहे. तो शब्द एकाच माणसाला दोनदा लागू नये.

तरी ‘अभ्यास चालू असताना निधन’ अशी नोंद करून त्यांची मोजमापे धरावीत, ही विनंती.

निम्म्या सहभागींना खरे औषध आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या गोळ्या देतात, आणि कोणाला काय दिले ते शेवटी उघड करतात, हे मला ठाऊक आहे. वडील ज्या बाजूचे निघतील त्या बाजूला त्यांना धरावे. मात्र ती बाजू आम्हाला कळवू नये. शेवटी शेवटी ते मध्ये न थांबता जिना चढत होते. आई येईल त्याला तेवढेच सांगते.

आपली नम्र,
(सही)
सहभागी क्रमांक ३७ यांची मुलगी
दिनांक : ४ मार्च

सोबत : मृत्यूच्या दाखल्याची प्रत, उरलेल्या गोळ्यांची बाटली.