तुमच्या बेटावरची भाषा

टाटाय,

तुम्हाला मराठीचा एक शब्द येत नव्हता, तरी हे मराठीतच लिहिते आहे. इंग्रजीत लिहायला घेतलं की तुम्ही बरे असतानाचे डोळ्यांसमोर येता, नर्सच्या निळ्या युनिफॉर्ममधले, वॉर्डावरून थकून आलेले, तरी दारातच "हॅव यू ईटन?" विचारणारे. मला त्यानंतरच्या तुमच्याशी बोलायचं आहे, आणि त्या तुमच्याशी मी मराठीतच बोलत होते.

सून म्हणून पहिल्यांदा तुमच्या बर्मिंगहॅमच्या घरी आले तेव्हा काय करावं ते न सुचून मी सरळ वाकून नमस्कार केला. तुम्ही दचकून पाय मागे घेतलेत, मला उठवलंत आणि आपल्या हाताची मागची बाजू माझ्या कपाळाला टेकवलीत. "अवर स्टाइल," म्हणालात. नानाय, म्हणजे माझ्या सासूबाई, स्वयंपाकघरातून तुमच्या भाषेत काहीतरी ओरडल्या आणि तुम्ही खो खो हसलात. मी तुमच्या मुलाला विचारलं, काय म्हणाल्या? त्याने खांदे उडवले. ती भाषा त्या घरात तुम्हा दोघांचीच होती, फिलिपिन्समधल्या इलोइलोकडची, तुमच्या बेटावरची. मुलांचं शाळेत अडू नये म्हणून तुम्ही त्यांच्याशी इंग्रजीच बोलत आलात. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही. तुम्ही होतात, नानाय होत्या, भाषा कुठे जाणार होती?

माझे बाबा मालवणला वारले तेव्हा माझा पासपोर्ट व्हिसाच्या कामात अडकलेला. मला जाता आलं नाही. मिल्टन कीन्सच्या त्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये मी भिंतीकडे तोंड करून पडून होते. तुमचा मुलगा बिचारा चहा करून आणायचा, गार झालेला परत न्यायचा. तिसऱ्या दिवशी तुम्ही ट्रेनने आलात, टॉवेलमध्ये गुंडाळलेलं पातेलं मांडीवर धरून. भाताची पेज, कोंबडी घातलेली, आल्याचा घमघमाट. मी नको म्हटलं. तुम्ही माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवलात. "ईट फर्स्ट. क्राय लेटर." मी उठून बसले. मी खात असताना तुम्ही खिडकीबाहेर बघत सांगितलंत की तुमची आई गेली तेव्हा तुम्ही इथेच ड्युटीवर होतात, तुम्हालाही जाता आलं नव्हतं. "देन व्हॉट डिड यू डू?" मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "नथिंग. व्हॉट टु डू?" आणि माझ्या वाडग्यात आणखी पेज वाढलीत.

नानाय गेल्यावर तुम्ही आमच्याकडे राहायला आलात. सुरुवातीला नातीला शाळेत सोडायचात, रेडवेच्या लाल पायवाटेवरून तिचा हात धरून. मग एकदा वाट चुकलात. मग नावं चुकायला लागली, आणि मग एकेक करून इंग्रजीच निघून गेलं. डॉक्टर म्हणाल्या, डिमेन्शियात असं होतं, मागून आलेली भाषा आधी जाते. तुम्ही पूर्वीसारखेच बोलायचात, भरभरून, हातवारे करून, पण सगळं तुमच्या बेटावरचं. तुमचा मुलगा समोर बसून म्हणायचा, "डॅड, इंग्लिश. प्लीज, इंग्लिश." तुम्ही गोंधळून त्याच्याकडे बघायचात. मग तो तुम्हाला गाडीत बसवून फिरवून आणायचा, एका राउंडअबाउटवरून दुसऱ्यावर, कारण गाडीत तुम्ही शांत व्हायचात. परत आला की त्याचे डोळे लाल असायचे.

एजन्सीने एक फिलिपिनो केअरर पाठवली तेव्हा आम्हाला केवढा आनंद झाला. ती मनिलाची निघाली. थोडा वेळ ऐकून म्हणाली, "सॉरी मॅम, ही आमची भाषा नाही." शेवटी इलोइलोच्या तुमच्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावला. त्या रडल्या, तुम्ही हसलात, आणि दोघं असे गप्पांना बसलात की आम्ही पाहतच राहिलो. फोन ठेवताना मी विचारलं, आत्या, काय म्हणाले ते? त्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "ऑर्डिनरी ओन्ली. रेन. चिकन्स." पाऊस आणि कोंबड्या. आम्ही केवढं काय काय समजत होतो!

त्यानंतरच एका दुपारी, मी घरून काम करत होते, तुम्ही मला काहीतरी विचारलंत आणि माझ्या तोंडून आपसूक मराठी निघालं. "हो हो, थांबा, एवढी मीटिंग संपू दे." तुम्ही समाधानाने मान हलवलीत आणि पुढे बोलत राहिलात. मग रोजचंच झालं. तुम्ही तुमचं सांगायचात, मी माझं. मालवणच्या घराचं, बाबांचं, ऑफिसातल्या कटकटींचं. तुमच्या मुलाशीही जे कधी बोलले नाही ते तुमच्याशी बोलले. नात शाळेतून आली की दारात उभी राहून ऐकायची. एकदा तिच्या लोलोकडे, आजोबांकडे, बोट दाखवून म्हणाली, "आई, तुला लोलोचा भाषा कसा येतो?" तिला खरंच वाटायचं की आपण एकच भाषा बोलतो आहोत. मी तिला काही सांगितलं नाही.

शेवटच्या आठवड्यात तुम्ही एकच वाक्य म्हणायला लागलात. गप्पांतलं नव्हतं ते, तुम्हाला काहीतरी हवं होतं. माझं मनगट धरून म्हणायचात आणि वाट बघायचात. मी पाणी दिलं. पांघरूण दिलं. खिडकी उघडली, नानायचा फोटो आणला, हातात जपमाळ दिली. तुम्ही प्रत्येक वस्तू हळूच बाजूला सारायचात, मला वाईट वाटू नये अशा बेताने, आणि पुन्हा तेच म्हणायचात. तुमचा मुलगा गुडघ्यांवर बसून तुमच्या तोंडाशी कान नेऊन म्हणत होता, "व्हॉट, डॅड? टेल मी व्हॉट." आत्यांना फोन लावला तर त्या स्वतःच दवाखान्यात होत्या. शेवटी तुम्ही दमलात. त्याच्या केसांतून हात फिरवलात, जणू समजूत घालायची होती ती त्याचीच. दुसऱ्या दिवशी दुपारी गेलात.

पुढे आत्या बऱ्या झाल्या तेव्हा आम्ही दोघांनी ते वाक्य त्यांना फोनवर म्हणून दाखवलं. त्यांनी पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाल्या, तुमच्या तोंडून ते कळत नाही रे बाळांनो. आता त्याही नाहीत.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. तुमच्या मुलालाही वाचता येणार नाही, म्हणूनच एक गोष्ट इथे लिहिते. तो अजून ते वाक्य म्हणतो. भांडी घासताना, गाडी चालवताना, विसरू नये म्हणून. मधूनच मला विचारतो, "असंच म्हणाले होते ना?" मला आठवतं ते तसं नाही, टाटाय. खूप वेगळं आहे. कुणाचं बरोबर ते मलाही माहीत नाही.

मी हो म्हणते.