शनिवारचा दुसरा पुडा

१० मे १९७९, गुरुवार. यॉर्क, इंग्लंड

पोचलो एकदाचे! मे महिना आणि अंगावर दोन स्वेटर. ऑस्ट्रेलियातल्या आमच्या वॉलॉंगॉंगच्या थंडीला आम्ही उगाच नावं ठेवतो.

श्रीनिवास स्टेशनवर उतरला तोच पंचविशीचा होऊन. लग्नाआधी दोन वर्षं इथल्या रेल्वेच्या कारखान्यात शिकाऊ इंजिनिअर होता. पोर्ट केंबलाच्या पोलाद कारखान्यात लाँग सर्व्हिस लीव्ह, म्हणजे जुन्या नोकरीची मोठी रजा मिळाली की आधी बायको-मुलीला यॉर्क दाखवायचं आणि मग पुण्याला जायचं, हे कधीचं ठरलेलं. ‘ही भिंत रोमन लोकांची, हा दरवाजा अमक्या राजाचा.’ मेधा तेरा वर्षांची. तिने दरवाज्याकडे बघितलंसुद्धा नाही. ‘डॅड, आय’म स्टार्व्हिंग.’

खायचं काय? शाकाहारी माणसाला इथे एकच देव – बटाटा. कोपऱ्यावर फिश अँड चिप्सचं दुकान होतं. श्रीनिवासला माशाचा वास सहन होत नाही, म्हणून त्याला बाहेर थांबवलं आणि रांगेत मी उभी राहिले. आत हॅडॉक मासे तळत होते. मी पोटभर वास घेतला. खाणं सोडलंय, वास घ्यायला कोणाची बंदी आहे?

चिप्स मात्र अप्रतिम. असे आपल्याकडे होतच नाहीत, म्हटलं. ‘इथलं तेल वेगळं असतं,’ श्रीनिवास म्हणाला.

१२ मे, शनिवार

शॅम्बल्स नावाच्या गल्लीत गेलो. घरं इतकी पुढे झुकलेली की वरच्या मजल्यावरच्या बायका खिडकीतूनच एकमेकींना वाटीभर साखर देत असतील. पूर्वी ही खाटकांची गल्ली होती. मांस टांगायचे आकडे अजून दुकानांबाहेर आहेत. मी सवयीने पदर नाकाला लावला. ‘अगं, आता नुसते आकडेच आहेत,’ श्रीनिवास हसला.

मग कॅथीड्रलजवळच्या टी-रूममध्ये. कर्ड टार्ट म्हणून प्रकार आहे – दूध फाडून केलेलं सारण, त्यात बेदाणे आणि जायफळ. अगदी घरचं वाटलं. फ्रूट केकबरोबर चीजचा तुकडा देतात! आधी हसले, मग मेधाच्या बशीतलाही खाल्ला. दुपारी यॉर्कशायर पुडिंग मागवलं. पुडिंग म्हणजे गोड असेल या आशेवर बसले, तर समोर आली फुगलेली खारी वाटी. वरचा रस्सा मांसाचा असतो म्हणून नको म्हटलं. कोरडीच खाल्ली. बरी होती.

श्रीनिवासला इथलं सगळं खाणं तोंडपाठ. कुठल्या दुकानातली मीट पाय – मांस भरलेली भाजकी करंजी – चांगली, सॉसेज कुठलं घ्यावं. शाकाहारी माणसाला एवढी माहिती? म्हणाला, ‘मित्र खायचे ना.’

१४ मे, सोमवार

नदीकाठी एक म्हातारा गळ टाकून बसला होता. चेहरा काही तसा नव्हता, पण बसणं अगदी दादांचं. दिवसभर दादाच डोक्यात.

माझे वडील. अलिबागचे, सीकेपी. माशाशिवाय घास उतरायचा नाही. बाजारात कल्ला उचलून आत लाल आहे की नाही हे बघितल्याशिवाय मासा घ्यायचे नाहीत. मी परकरात होते तेव्हापासून मलाही तेच शिकवलं. माझं लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंची एकच अट होती – आमच्या घरात हे चालणार नाही. हळदीच्या आदल्या दिवशी दादांनी पापलेट आणलं. मला वाढलं, आणि मी जेवायला लागल्यावर उठून अंगणात गेले.

सासूबाई गेल्यावर मी एकदा श्रीनिवासला विचारून बघितलं होतं. आता घरात केले तर? ‘मला वास सहन होत नाही गं, नीला.’ विषय संपला. मला त्याचं वाईटही वाटलं नाही. एखाद्याला नाही होत सहन.

मग शहात्तरच्या डिसेंबरात दादा आमच्याकडे वॉलॉंगॉंगला आले. आमच्या व्हरांड्यातून समुद्र दिसतो. दुसऱ्याच दिवशी म्हणाले, ‘समुद्र काय नुसता बघायला ठेवलाय?’ मी म्हटलं, दादा, आमच्याकडे चालत नाही. ‘बरं बाई.’ पुन्हा शब्द काढला नाही. दोन महिने निमूटपणे माझ्या हातचा भोपळा खाल्ला. शनिवारी दुपारी श्रीनिवासबरोबर बंदरावरच्या दीपगृहापर्यंत फिरून यायचे आणि संध्याकाळी पानावर बसायचेच नाहीत. भूक मेली म्हणायचे. मी हिंगाष्टक देत राहिले.

निघताना विमानतळावर माझ्या डोक्यावर हात ठेवला. ‘नीला, तू अगदी त्यांची झालीस.’ एवढंच. पुढच्या वर्षी गेले. त्यांच्या त्या एका वाक्यावर मी अजून उभी आहे. पण समुद्राकाठी राहून माझा बाप माशाशिवाय परत गेला, हे काही केल्या मनातून जात नाही.

१५ मे

पाऊस. चिप्स.

१७ मे, गुरुवार

मिसेस हेबडेन व्हिटबीला बहिणीकडे गेल्या होत्या, त्या परत आल्या. श्रीनिवास तेव्हा त्यांच्याच घरी खोली घेऊन राहायचा. सत्तरीच्या, गोलमटोल, सगळ्यांना ‘लव्ह’ म्हणणाऱ्या. आम्हाला भेटायला गेस्टहाउसवर आल्या. काय काय खाल्लंस, लव्ह? मी अगदी कौतुकाने चिप्सचं सांगितलं. बाई खूश. ‘बीफ ड्रिपिंग, लव्ह. दॅट्स व्हॉट डझ इट.’ मला काही कळेना. मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. गाईची चरबी. इकडे चिप्स त्यातच तळतात. यॉर्कशायर पुडिंगसुद्धा त्यातच होतं.

आठवडाभर मी तेच जेवतेय!

श्रीनिवास खिडकीबाहेर बघत होता. बाई गेल्यावर विचारलं, तुला माहीत होतं? ‘सांगितलं असतं तर उपाशी राहिली असतीस.’ इतक्या शांतपणे म्हणाला, जणू माझी काळजीच वाहत होता.

किती वेळा चूळ भरली कोण जाणे. पण खरं सांगायचं तर चरबीपेक्षा ते ‘इथलं तेल वेगळं असतं’ जास्त डाचतंय. माझ्या तोंडाकडे बघत बोलला होता.

१८ मे

ब्रेड, लोणी, सफरचंद. श्रीनिवास मागेमागे करतोय. विचारलं, लोणी तरी लोणीच आहे ना? तो हसला. मी हसले नाही.

१९ मे, शनिवार

आज मिसेस हेबडेनकडे चहाला. इथे संध्याकाळचा चहा म्हणजे जेवणच असतं. माझ्यासाठी चीज, टोमॅटो, केक. आणि श्रीनिवाससमोर झाकलेली बशी. ‘व्हिटबीहून मुद्दाम तुझ्यासाठी आणलेत.’ झाकण काढलं. किपर – धुरी देऊन वाळवलेले हेरिंग मासे. सोनेरी, चांगले लठ्ठ, दोन. ‘याला कायम दोन लागायचे. काट्यालासुद्धा काही ठेवायचा नाही.’

श्रीनिवासचा चेहरा बघण्यासारखा झाला. माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, ‘तेव्हा पोरवय होतं गं. आता म्हातारीचं मन मोडवत नाही.’ आणि खायला लागला.

मी त्याचे हात बघत होते. हेरिंगमध्ये केसासारखे काटे असतात. त्याने सुरीचं टोक घालून मासा उघडला, शेपटीकडून कणा अख्खाच्या अख्खा उचलला आणि बशीच्या कडेला ठेवला. बारीक काटे जिभेने हुडकून ओठाच्या कोपऱ्यातून काढत गेला. मध्येच बाईंशी गप्पाही चालू. एकदाही अडखळला नाही.

मी मासे खाणाऱ्यांच्या घरातली मुलगी आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी सोडलेल्या माणसाचा हात असा चालत नाही. माझा आता चालेल की नाही, मलाच शंका आहे. त्याचा चालतो, कारण तो कधी थांबलेलाच नाही.

केक मस्त होता म्हणतात. मला चव कळली नाही.

२० मे, रविवार

विचारलं. आधी म्हणाला, नाही. मग, क्वचित. मग मेधानेच सांगून टाकलं, टीव्हीवरची नजर न काढता. ‘मम, एव्हरीवन नोज.’ फूटीच्या, म्हणजे आमच्याकडच्या फुटबॉलच्या मॅचला गेले की बापलेक मीट पाय खातात. कामावरच्या कँटीनमध्ये शुक्रवारी मासे. ‘यू’ड जस्ट गेट अपसेट, सो वी डिडन्ट से.’ वी! माझ्या पोटची पोर त्याच्या बाजूची.

श्रीनिवासचं म्हणणं असं – आईला शब्द दिला होता की घरात आणणार नाही. घरात कधी आणलं नाही. शब्द मोडलेला नाही.

बरोबर आहे. सोवळं घराला होतं. त्याला दाराबाहेर मोकळीक, आणि मी दाराच्या आत. अकरा वर्षं मी त्या बंदरावरून भाजीची पिशवी घेऊन जातेय, माशांचं दुकान आलं की मान वळवून. मग वासाचं काय, श्रीनिवास? ‘सहन होत नाही गं, नीला’?

माझं जाऊ दे. दादांना माझ्या तोंडून नाही म्हणवलं. ते भोपळा चिवडत असताना हा समोर बसून साळसूदपणे आमटी भुरकत होता. हे मी त्याला कधी माफ करणार नाही.

२२ मे, मंगळवार

चिप्सच्या दुकानात गेले. एकटीच. हॅडॉक मागणार होते. नंबर आला, तोंड उघडलं, आणि शब्द फुटेना. मागचा माणूस ‘यू ऑल राइट, लव्ह?’ म्हणाला. तशीच परत आले.

२ जुलै, सोमवार. वॉलॉंगॉंग

घरी. पुण्यात एक अक्षर लिहिलं नाही. चारचौघांत हसून बोललो, एकटे असलो की गप्प. एक दिवस अलिबागला जाऊन दादांच्या घराचं कुलूप बघून आले.

काल श्रीनिवास म्हणाला, ‘आता घरात कर ना मासे. माझी काही हरकत नाही.’

हरकत नाही! परवानगी मिळाली मला.

१४ जुलै, शनिवार

आज गेले. बंदरावरच्या माशांच्या दुकानात. मान वळवली नाही.

दुकानदार इटालियन, पन्नाशीचा, बोलका. कच्चे मासेही विकतो आणि तळूनही देतो. बर्फावर स्नॅपर मांडले होते. किती घ्यायचे, कसे करायचे, घरात तर चिंचसुद्धा नाही, असा विचार करत होते आणि हात आपोआप गेला. एकाचा कल्ला उचलला. आत लाल. ताजा होता.

दुकानदार हसायला लागला. ‘असं बघणारा एकच माणूस माझ्याकडे यायचा. ओल्ड इंडियन ब्लोक, काळी टोपी. शनिवार आर्व्हो, दुपारचा. त्याचा मुलगा बरोबर असायचा, चष्मेवाला. स्टीलवर्क्सचा इंजिनिअर.’

मी बर्फाच्या काठाला धरून उभी राहिले. तो सांगतच होता. म्हातारा मासा स्वतः निवडायचा. डोकं टाकू द्यायचा नाही, तेही तळून मागायचा, इथे डोकं कोणी खात नाही. दोघं दीपगृहाखालच्या बाकावर बसून खायचे. ‘अँड ऑल्वेज वन एक्स्ट्रा. वेगळ्या कागदात बांधून. फॉर माय डॉटर, म्हणायचा. दॅट यू?’

हो म्हटलं. ‘हाऊ इज ही?’ मी म्हटलं, बरे आहेत. का म्हटलं, माहीत नाही.

मासे न घेताच निघाले. वाटेत रडू आलं आणि हसूही. दादांनी खाल्ले! डोक्यासकट खाल्ले! भूक मेली नव्हती, पोट भरलेलं असायचं, आणि मी वरून हिंगाष्टक चारत होते. लबाड आहेत दोघंही. मला एकटीला फसवलं, पण फसवलं ते बरं केलं. अडीच वर्षं उराशी धरलेलं ओझं एका इटालियन माणसाने बर्फावर उतरवून ठेवलं.

श्रीनिवासचा राग शोधत होते, सापडेना. आल्याचा चहा करून दिला. यॉर्कनंतर पहिल्यांदा. तो कपाकडे बघतच राहिला.

फक्त एक राहिलं. तो वेगळ्या कागदातला पुडा. तो घरी कधी आलाच नाही. उद्या विचारीन.

१५ जुलै, रविवार

विचारलं. श्रीनिवासने चष्मा काढून पुसला. मग सांगितलं. दादा दर शनिवारी तो पुडा आमच्या फाटकापर्यंत आणायचे. ‘आज देऊ का तिला?’ आणि हा दर वेळी सांगायचा – नको, दादा, नीलाला आता वास सहन होत नाही. मग दादा तो शेजारच्या मांजरापुढे सोडून आत यायचे.

‘तू अगदी त्यांची झालीस.’ मी त्या वाक्याला आशीर्वाद समजत होते.