हाताच्या उंचीवर

१४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. सात महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल माफ कर. फोन होतात, पण फोनवर मी फक्त प्रश्नांची उत्तरं देते. वहिनीची पाठ आता कशी आहे? पोरीची परीक्षा संपली असेल.

बाबांचे टाके काढले. खुब्याचं हाड जुळतंय म्हणतात. सोमवारी दवाखान्यातून सोडतील आणि ठरल्याप्रमाणे परस्पर वृद्धांच्या त्या संस्थेत नेतील. बाथरूममध्ये घसरणाऱ्या माणसाला मी नोकरी करून एकटी कशी सांभाळणार, हे तुझं म्हणणं मी मान्य केलं. फार लगेच मान्य केलं, हे तुझ्या लक्षात आलं का, कोण जाणे.

मधे घराला रंग दिला. ते तुला कधी बोलले नाही. बाबांच्या खोलीपासून बाथरूमपर्यंतच्या पॅसेजमध्ये, कमरेच्या जरा वर, भिंतीवर एक पट्टा उमटला होता. त्यांचे तळहात फुटतात. बाबा त्यांना दिवसातून चारदा मलम लावतात आणि मग भिंतीला हात टेकत टेकत चालतात. पट्टा आधी पिवळट होता, मग तपकिरी, मग काळपट. जवळून पाहिलं तर त्यात कातडीचे पापुद्रे चिकटलेले दिसायचे, एखादा पांढरा केसही. उकाड्यात त्याला खवट तेलासारखा वास मारायचा. मी तिथून अंग चोरून जायचे. एकदा वीज गेली असताना माझाच हात त्यावर पडला, तर मी साबणाने तीनदा हात धुतले. बाबा मागे येऊन उभे होते.

रंगाच्या दुकानात दोन शनिवार घालवले. शेडकार्डावरची नावं तरी काय एकेक. ‘पहाटेचं दूध’, ‘ओला शिंपला’. दुकानदाराने विचारलं, घरात लहान मुलं आहेत का. नाही म्हटलं. म्हाताऱ्यांचं त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. ‘ओला शिंपला’ घेतला. जवळजवळ पांढरा, चमक नसलेला, बोट लागलं की डाग धरणारा.

रंगारी जुना माणूस. पट्टा खरवडता खरवडता म्हणाला, “ताई, इथे हात लागणारच. खाली चार फूट गडद ऑइलपेंट मारू. फडक्याने पुसलं की साफ.”

“हात लागू नये म्हणूनच हा रंग घेतलाय,” मी म्हणाले.

बाबा खोलीच्या दारात खुर्चीवर बसले होते. त्यांना कमी ऐकू येतं, अशी मी समजूत करून घेतली. रंगाऱ्याने मात्र त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतंच बोलला.

रंग वाळल्यावर बाबा हात पाठीमागे बांधून पॅसेजच्या बरोबर मधून चालायला लागले. छोटी छोटी पावलं टाकत, संग्रहालयात आल्यासारखे. मी थट्टाही केली, काय बाबा, तपासणीला आलात का म्हणून. ते म्हणाले, “तुझी भिंत छान झालीय.”

तुझी भिंत. घर त्यांचं आहे, दादा.

आणि मला बरं वाटलं. हे लिहायची लाज वाटतेय, पण बरं वाटलं. ऑफिसातून आले की बॅग खाली ठेवायच्या आधी मी भिंत तपासायचे. एकोणीस दिवस ती कोरी होती. विसाव्या दिवशी बाबा पडले.

पॅसेजमध्ये पडले. बाथरूमपर्यंत ते पोचलेच नव्हते. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होते. तोल गेला तेव्हा भिंत त्यांच्यापासून वीतभर लांब होती. त्यांनी हात पुढे केला आणि टेकायच्या आत मागे घेतला. मला तसा भास झाला असेल, असं मी स्वतःला पाच आठवडे सांगून पाहिलं. भास नव्हता.

डॉक्टरांना मी बाथरूम सांगितलं. तुलाही दोनदा तेच सांगितलं. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा बाबा समोर खाटेवरच होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, तर त्यांनी मान डोलावली. दुखण्याने घामाघूम झालेला माणूस मला सांभाळून घेत होता, आणि मी त्यांना तसं करू दिलं. त्या पट्ट्याची कधी आली नसेल इतकी शिसारी मला त्या क्षणाची येते.

तू ज्या कारणासाठी त्यांना संस्थेत ठेवतोयस, ते कारण मी रचलेलं आहे. हे कळल्यावरही तुझं मत तेच राहिलं तर आपण भांडू, पण खऱ्यावर भांडू. माझी किळस गेलीय असं मी म्हणत नाही. मलमाचा वास आला की मी पुन्हा अंग चोरेन. ते माझं मी निस्तरेन. त्यासाठी बाबांनी भिंत सोडायची नाही.

तुझ्याशी खोटं बोललेली,
तुझी बहीण

रोजनिशीत लिहायचं ते इथेच लिहिते, म्हणजे तुझ्या देखत टाळता येणार नाही.
उद्या: ऑफिसच्या आधी संस्थेत जाऊन बाबांसाठी राखलेली जागा सोडणे.