आवाज मरतो ती दिशा

वस्ताद, कडेगावच्या रानातला तुमचा बिनतारीचा डबा पुन्हा बोलायला लागलाय.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता माझ्या मिशा तुमच्यापेक्षा पांढऱ्या आहेत. गेल्या महिन्यात भरदुपारी कुपवाडला लाईट गेली, शेजारची लेथ थांबली, आणि सहज म्हणून तुम्ही दिलेली, दिशा शोधायची तांब्याच्या तारेची चौकट झटकून सेलवरच्या रेडिओ सेटला जोडली. लांब लहरींची पट्टी हल्ली ओस पडलीय. विमानांना, जहाजांना वाट दाखवणारी बीकन एकेक करून गप्प होत चाललीत; आता सगळे उपग्रहाला विचारतात. पण त्या खरखरीच्या तळाशी कुणीतरी होतं. डा डिट, डा डा, तुमच्या डब्याची मोर्स खूण. शेवटचा डा लंगडत येणारा. फिरत फिरत ही खूण वाजवणारी डब्यातली पितळी चकती तुम्ही स्वतः कानशीनं घासली होती आणि तिचा शेवटचा दात रुंद राहिला होता. असा लंगडा डा जगात एकच.

मला तो रविवार दिसतो. मी मोटारी वाइंडिंग करणारा, शाळेनं लवकर सोडलेला माणूस; तुम्ही पलटणीत बिनतारी सांभाळून पेन्शनीत आलेले. मला शोधायला शिकवायचं म्हणून डबा तुम्ही उसात कुठंतरी लपवलाय आणि मी चौकट घेऊन निघालोय. काकी ओरडतायत, "आवं, त्याला च्या तरी पिऊ द्या!" तुम्ही म्हणता, "विमानाला कोण च्या पाजतंय वर?" मग मला म्हणता, "मोठ्या आवाजामागं लागू नगंस गड्या, त्यो निम्म्या आभाळात सारखाच वाटतुया. चौकट फिरव. तिचं तोंड डब्याकडं झालं की आवाज मरतो. मरायला त्याला बोटभर जागा लागती, तीच तुझी रेघ."

"पण डबा म्होरं हाय का मागं?"

"ते एका जाग्यावरनं कवाच कळत न्हाई. जागा बदल, दुसरी रेघ काढ. दोन रेघा काट मारत्यात तिथं डबा." आणि सगळं उजेडात करायचं, हेही तुम्हीच बजावलंत. लांब लाट जमिनीला धरून डोंगर ओलांडत जाते. पण दिवस कलला की आभाळाला आपटलेली लाटही तिच्यात मिसळते आणि रेघ खोटी पडते.

त्या दिवशी ऊस डोक्याच्या वर होता. मधोमध आवाज मेला, आणि त्या शांततेत, त्याच रेघेवर, कुणीतरी पाचोळ्यातून चालत होतं. पुढं की मागं, कळेना. मी पळत बाहेर आलो आणि सांगितलं, "सापडला. हिरीच्या कडंला, करंजाखाली." तुम्ही माझ्याकडं लय वेळ बघितलंत. "व्हय? मग असू दे तिथंच." आणि ही चौकट माझ्या हातात दिलीत. आठव्या दिवशी तुम्ही गेलात. तेराव्याला मी गुपचूप करंजाखाली उकरून पाहिलं होतं. नुसती माती. डबा पुढं कुणालाच मिळाला नाही.

त्याचा आवाज तुमच्या बांधापलीकडं कधी जात नव्हता, वस्ताद. तरी कुपवाडहून नकाशावर रेघ काढली, ती कडेगाववरून गेली. साताऱ्यात लेकीच्या गच्चीवरून दुसरी काढली. ती म्हणाली, "बाबा, उन्हात कुणाला शोधताय?" म्हटलं, "टीव्हीचं सिग्नल बघतोय." दोन्ही रेघा तुमच्या शिवारात काट मारत होत्या. पेन्सिलीच्या जाडीत अख्खं शिवार मावतं, म्हणून काल एसटीनं गेलो. ऊस तुटून गेलाय, रान उघडं आहे. बांधावरून एक रेघ घेतली, पाटावरून दुसरी. दोन्ही विहिरीकडं गेल्या, करंजाच्या बुंध्याशी. तिथं उभा राहून चौकट गोल फिरवली. आवाज कुठंच मरेना. मग मी सेटमधले सेल काढले. तरी तो दोनदा आला, चकतीचे दोन पुरे फेरे, शेवटच्या लंगड्या 'डा'सकट.

माझं खोटं तुम्ही खरं करून ठेवलंत. कशानं, कधी, ते मी विचारणार नाही. या खेपेला उकरलं नाही. हा कागद सेटच्या मागच्या झाकणात सरकवतोय, तुमच्यापर्यंत दुसरी वाट मला ठाऊक नाही. तेव्हा सापडला नव्हता, वस्ताद. मी भ्यालो होतो. कालही भ्यालो, पण पळालो नाही.