फाटक बंद, हॉर्न बंद

सोमवार, ३

आलो एकदाचे! फाटकाला लागून दोन खोल्या, नळाला चोवीस तास पाणी, आणि काम काय तर फोन आला की फाटक पाडायचं, गाडी गेली की उचलायचं. बायको म्हणाली, दरवान झालात, आता मिशा तेवढ्या वाढवा. तिला सातवा लागलाय. आधीची दोन्ही बाळं राहिली नाहीत, म्हणून डॉक्टरांनी या वेळी सक्त विश्रांती सांगितलीय. या खेपेला मी काही वावगं होऊ देणार नाही.

खटकतो तो एक हॉर्न. वळणावर पाटी आहे. ती दिसली की ड्रायव्हरने हॉर्न धरायचा, इंजिन रस्ता ओलांडेपर्यंत सोडायचा नाही. फाटक बंद असलं तरी! दर गाडीला बिचारी दचकून पोट धरते.

गुरुवार, ६

ड्रायव्हर मंडळींशी सूत जमवलं. मालगाड्या पुढच्या सिग्नलला रखडतात, तिथे चहाची किटली घेऊन गेलो. ठरलं असं : फाटक नीट बंद असलं की मी गुमटीच्या, म्हणजे फाटकाशेजारच्या माझ्या केबिनच्या, खिडकीतून डावा हात वर करीन, मग हॉर्न नाही. साहेबांना कळलं तर आमची खैर नाही, पण सांगतो कोण? एक म्हातारा ड्रायव्हर तेवढा आढेवेढे घेत होता. म्हणाला, बाहेरच्यांना फाटक अडवतं, हॉर्न आतल्यांसाठी असतो. आत कोण असतं विचारलं तर चहा संपवून उठला.

शनिवार, ८

काय शांतता! ती दुपारभर झोपली. गाडी जाताना मात्र धप्पकन आवाज झाला, भिजलेली गादी पडावी तसा. रुळांमध्ये रक्ताचं थारोळं, अजून कोमट. रूळ तपासायला आलेले गँगमन म्हणाले, कुत्रं असेल. मी मान डोलावली. खडीत सापडलेला अंगठा दाखवला नाही. चौकशी झाली असती आणि हॉर्न परत सुरू झाला असता.

रविवार, ९

भर दुपारी पाहिलं. फाटक बंद, चिटपाखरू नाही. मी हात वर केला आणि रूळ माणसांनी भरले. दहा-बारा जण, गाडीकडे पाठ करून. बेंबीच्या देठापासून ओरडलो, एकानेही मागे पाहिलं नाही. इंजिन त्यांच्यातून गेलं. एक डोकं खिडकीच्या चौकटीवर आपटून फुटलं, माझा शर्ट चिकट झाला. मग उरलेली धडं कोपरांवर सरपटत निघाली, रस्त्याकडे नाही, आमच्या दाराकडे. पहारीने एकाचा हात ठेचला. तो ओरडला नाही, नुसता बघत राहिला. एवढा मी आयुष्यात घाबरलो नव्हतो.

सोमवार, १०

हात खाली ठेवला. हॉर्न वाजला. रुळांवरचे वळून बघतात, मुकाट बाजूला होतात. म्हातारा खरं बोलला होता.

पण काल कापले गेलेले परत जात नाहीत. ओट्याखाली तिघे. मोरीत एक. तिला दिसत नाहीत. उद्या तिला बहिणीकडे हलवतो, मोटार सांगितलीय.

मंगळवार, ११

तिला दिसायला लागले. एकाने तिचा घोटा चावला. पहार घातली त्याच्या तोंडात — दात लादीवर सांडले, तरी सुटेना. मोटारवाला दारातलं रक्त बघून पळाला —

मंगळवार, दुपार

तिला ओढत नेलं. केसांना धरून. रुळांवर. मला गुमटीत — गुडघ्याखाली पाय नाही —

फोन वाजला. गाडी निघाली. हॉर्न ऐकला की ते बाजूला होतात, तिला सोडतील. नक्की सोडतील. ती जिवंत आहे, मला हाक मारतेय —

वळणावरून ड्रायव्हरला फाटकातले रूळ दिसत नाहीत. खिडकी दिसते.

उजवा हात तेवढा मोकळा. डावा त्यांनी धरलाय. खाली ओढतो, येत नाही. खिडकीबाहेर काढून वर धरलाय, नीट, ड्रायव्हरला दिसेल असा —

हाताकडे बघू नकोस बाबा, हॉर्न दे, पाया पडतो, हॉर्न